अंगठा लागला तर पावती, नाही लागला तर?

सोलापूरची लेक

नमस्कार मंडळी. इथे कृत्रिम बुद्धिमत्ता आणि येत्या वीस वर्षांतलं जग यांवर बरेच धागे निघतात, मी ते आवर्जून वाचते. त्या जगाचं एक टोक मला आमच्या रेशन दुकानात दिसलं, म्हणून हा धागा.

माझ्या आईने चाळीस वर्षं विड्या वळल्या. आम्ही पद्मशाली, घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी. तिला आम्ही अम्मा म्हणतो. विडी वळताना ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. तेंदूची पानं भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. सकाळी पत्र्याचा साचा पानावर ठेवून कात्रीने तुकडे कापायचे. तुकड्यावर चिमूटभर तंबाखू पसरायची, दोन्ही अंगठ्यांनी दाबत सुरळी करायची, तोंड नखाने आत मुडपायचं आणि दोरा गुंडाळायचा. अशा दिवसाला हजार. एका विडीमागे अंगठा पानावर किती वेळा घासला जातो, त्याला हजाराने गुणायचं, मग वर्षाच्या दिवसांनी. शाळेत असताना मी हा हिशेब मांडायला बसले होते आणि मध्येच वही मिटली होती. आज अम्माचा अंगठा हातात घेतला तर चिंचोक्यासारखा गुळगुळीत लागतो.

मागच्या महिन्यात तिच्याबरोबर कंट्रोलला गेले. दुकानदार भला माणूस आहे, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. आधारमधल्या ठशाशी बोट ताडून पाहणाऱ्या मशीनच्या काचेवर उजेड आला, अम्माने उजवा अंगठा ठेवला. नाही लागला. डावा ठेवला, तोही नाही. मग तर्जनी. "मावशी, बोट डोक्यावरून फिरवा जरा," तो म्हणाला. केसातलं तेल लागलं की रेषा उठतात, असं रांगेतल्या सगळ्याच बायका सांगतात. मागच्या बाईने आपल्या पदराने अम्माचं बोट पुसून दिलं. असं सहा वेळा झालं. शेवटी "उद्या सकाळी या, तेव्हा रेंज बरी असते" असं ऐकून अम्माने रिकामी पिशवी घडी करून काखेत मारली आणि आम्ही निघालो. त्या दिवसाच्या तीनशे विड्या बुडाल्या. दुसऱ्या दिवशीही अंगठा लागला नाही.

पण मी हे लिहायला बसले ते वेगळ्याच कारणासाठी. अम्माच्या पुढच्या बाईचा अंगठा लागला तेव्हा मशीनमधून चुरूचुरू पावती निघाली. नाव, किलो, तारीख, सगळं त्यात. अम्माच्या वेळी काहीच निघालं नाही. ती आली होती, पाऊण तास उभी होती, सहा वेळा बोट दिलं, याचा तिच्या हातात काडीचा पुरावा नाही. महिना संपला की कागदावर एवढंच दिसणार की या कार्डाने धान्य उचललं नाही.

पुढे येणारी यंत्रं बहुतेक याच जातीची आहेत. ती माणसाला ओळखतात, पारखतात आणि हो किंवा नाही सांगतात. 'हो'ची सोय सगळ्यांनी केलीय. 'नाही'चं काय? ते ऐकल्यावर माणसाने कुणाच्या दारात जायचं?

रेघारेघा

मी काही वर्षं बोटांचे ठसे जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम केलंय (आधारच्या नव्हे, एका कारखान्याच्या हजेरीच्या). आत काय होतं ते सांगतो, म्हणजे दोष नेमका कुठे आहे ते कळेल.

ठशाचं अख्खं चित्र मशीन ताडून पाहत नाही. रेघा कुठे संपतात आणि कुठे फाटा फुटतो, ते बिंदू वेचते. आधी नोंदवलेल्या बिंदूंशी ते किती जुळतात त्याचे गुण काढते. गुण ठरलेल्या रेषेच्या वर गेले तर 'हो', खाली राहिले तर 'नाही'. म्हणजे मशीनला 'ही तीच बाई' असं कधीच कळत नाही. 'पुरेशी सारखी' एवढंच कळतं, आणि पुरेसं म्हणजे किती ते माणसाने ठरवलेलं असतं. रेषा वर नेली तर दुसऱ्याच्या नावावर माल उचलणारा अडकतो, पण खरी माणसंही जास्त अडकतात. खाली आणली तर उलटं. शून्य चुकांची जागा या रेषेवर नाही, कुठल्याही रेषेवर नाही.

आता ही चूक कुणाच्या वाट्याला येते ते बघा. ऑफिसात बसणाऱ्या माझ्यासारख्याचा ठसा ठळक. विडीवाली, गवंडी, भांडी घासणारी, ऊस तोडणारा, म्हातारी माणसं, यांच्या रेघा झिजलेल्या. आमच्या कारखान्यातही रोज अडकायचे ते रसायनांच्या विभागातलेच लोक. मशीन भेदभाव करायला शिकलेलं नसतं, तरी चूक नेमकी त्याच लोकांवर जाऊन पडते ज्यांना ती परवडत नाही.

आणि पावतीचं म्हणाल तर ताई, तुमचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे. फसलेला प्रयत्न सर्व्हरवर बहुतेक नोंदला जातो. तो त्या माणसाच्या हातात मात्र देत नाहीत. द्यायला तांत्रिक अडचण कसलीही नाही. तोच कागद, तीच शाई.

पुरवठा_३१

मी पुरवठा शाखेत ३१ वर्षं काढली, निवृत्त होऊन सहा झाली. ताईंच्या आईला झालेला त्रास खराच आहे, पण दुसरी बाजू इथे कुणीतरी मांडायला हवी.

मशीन येण्याआधीची रजिस्टरं मी या हातांनी तपासली आहेत. एकाच शाईने, एकाच वळणाने केलेल्या दोनशे सह्या. मेलेल्या माणसांच्या नावे दर महिन्याला उचललेला गहू. लग्न होऊन गेलेल्या मुली दोन्ही गावांच्या कार्डांवर. गरीब बाई दुकानात गेली की 'माल आलाच नाही' ऐकून परत, आणि माल रात्रीच टेम्पोत भरून गेलेला. तेव्हाही तिच्या हातात पावती नव्हतीच. तेव्हा 'नाही' म्हणणारा माणूस होता आणि त्याचं पोट त्या 'नाही'वर चालायचं. मशीनला लाच देता येत नाही, हा गुण लहान समजू नका.

दुसरी गोष्ट, ऊसतोड आणि वीटभट्टीची माणसं. कार्ड गावात, माणूस सहा महिने दोनशे किलोमीटरवर. पूर्वी त्या सहा महिन्यांचं धान्य बुडालं म्हणून समजायचं. आता कुठल्याही दुकानात अंगठा लावून उचलता येतं. राज्याबाहेरच्या उचलीची सुरुवात ऑगस्ट २०१९ मध्ये झाली, आपण आणि गुजरात, तिकडे आंध्र आणि तेलंगण. हे कागदी रजिस्टरावर कधीच जमलं नसतं. तेव्हा मशीन फेकून द्या असं कुणी म्हणू नये.

सोलापूरची लेक

काका, मशीन फेका असं मी म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. 'माल आलाच नाही' ऐकून अम्मासुद्धा परत आलेली आहे, तिच्या तोंडून ते ऐकलंय. पण तेव्हा ती दुकानदाराशी भांडली होती. चार बाया गोळा करून तहसीलवर गेली होती आणि पुढच्या महिन्यात माल आला होता. या वेळी ती भांडली नाही. घरी येऊन स्वतःचाच अंगठा उलटासुलटा करून बघत बसली. मशीन नाही म्हणालं तर चूक आपलीच असणार, असं तिला वाटलं. हा फरक मला लागलाय.

तापीकाठ

नंदुरबारकडचा आहे. देशातला पहिला आधार क्रमांक आमच्या जिल्ह्यात दिला गेला, २९ सप्टेंबर २०१० ला, टेंभली गावात. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी दोघंही आले होते. त्या दिवशी माझे वडील टेंभलीला गेले होते. रस्ता झाला, वीज आली, हेलिकॉप्टर उतरलं. ज्याच्याकडे कसलाच कागद नाही त्याला ओळख मिळणार, हे तेव्हाचं वचन. आणि ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही. आमच्याकडच्या कितीतरी भिल्ल, पावरा कुटुंबांकडे खरोखरच त्याआधी नावाचा एकही कागद नव्हता.

पण ओळख देणं आणि ओळख पटवून घेणं या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या. क्रमांक एकदा मिळतो. पटवून द्यावं लागतं दर महिन्याला. अक्कलकुव्याच्या वरच्या पाड्यांवर नेटवर्कसाठी टेकडीवर जावं लागतं. मशीन घेऊन दुकानदार टेकडीवर आणि त्याच्यामागे माणसांची रांग, हे मी स्वतः पाहिलंय. म्हाताऱ्या टेकडी चढून जातात, अंगठा देऊन उतरतात आणि मग खाली गहू घेतात.

बाहेर सुरत-बारडोलीकडे तोडीला जाणाऱ्यांना कुठेही धान्य मिळतं हे काकांचं म्हणणं मात्र खरं. माझ्या चुलतभावाला मिळतं.

टेम्सकाठचा कोल्हापूरकर

लंडनहून लिहितोय. या देशात जे घडलं ते या धाग्यात यायलाच हवं.

इथली पोस्ट ऑफिसं बरीचशी आपल्याकडच्या किराणा दुकानासारखी असतात. गल्लीतला दुकानदारच एका कोपऱ्यात पोस्टाची खिडकी चालवतो. भारतीय वंशाची पुष्कळ कुटुंबं या धंद्यात आहेत. १९९९ पासून या खिडक्यांवर होरायझन नावाची हिशेबाची संगणक प्रणाली बसवली, फुजित्सू कंपनीची. आणि रोकड कमी भरू लागली. रात्री दुकान बंद करून माणूस हिशेब जुळवायला बसायचा, पडद्यावर दोन हजार पौंडांची तूट. पुन्हा करून बघितलं तर कधी आकडा दुप्पट. करारानुसार तूट त्यानेच भरायची. लोकांनी दागिने मोडले, घरं गहाण टाकली. पैसे संपले तेव्हा त्यांच्यावर चोरीचे आणि खोट्या हिशेबाचे खटले भरले. पुढच्या सोळा-सतरा वर्षांत ९०० हून अधिक लोक दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. तूट नव्हतीच, सॉफ्टवेअरमध्ये दोष होते.

सोलापूरच्या ताईंनी आईचं लिहिलं ते वाचून मला हेच आठवलं. मदतकेंद्राला फोन केला की त्या दुकानदारांपैकी अनेकांना एकच उत्तर मिळायचं, 'अशी तक्रार फक्त तुमचीच आहे.' प्रत्येक जण आपल्या खोलीत एकटा बसून आपलंच चुकलं समजत होता. ॲलन बेट्स नावाच्या एका माजी पोस्टमास्तराने हट्टाने बाकीच्यांना शोधून काढलं. २००९ मध्ये वॉरिकशायरमधल्या फेनी कॉम्प्टन नावाच्या खेड्यात ते पहिल्यांदा एकत्र जमले. तिथून खरी लढाई सुरू झाली. डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने प्रणालीतले दोष मान्य केले, एप्रिल २०२१ मध्ये ३९ जणांची शिक्षा एकाच दिवशी रद्द झाली. बाकीच्यांसाठी मे २०२४ मध्ये संसदेला वेगळा कायदा करावा लागला. पहिल्या मशीनपासून पंचवीस वर्षं.

आणखी एक. इंग्लंडच्या कायद्यात संगणक नीट चालतो असंच गृहीत धरलं जातं, तसं नाही हे दाखवायचा भार समोरच्यावर. गल्लीतला दुकानदार फुजित्सूच्या सॉफ्टवेअरमधला दोष कुठून दाखवणार?

मोगरा

वाचून अंगावर काटा आला. 'फक्त तुमचीच तक्रार आहे' हे वाक्य आपल्याकडेही किती खिडक्यांवर ऐकलंय.

नोव्हेंबर

माझा अनुभव थोडा वेगळा, म्हणून लिहिते.

बाबा ८४ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी बँकेत जाऊन बसायचं, साहेब मान वर करून बघायचे, 'काय गुरुजी, तब्येत काय म्हणते' विचारून सही करायचे. १० नोव्हेंबर २०१४ पासून 'जीवन प्रमाण' आलं, म्हणजे बोटाच्या किंवा डोळ्याच्या ठशावर डिजिटल दाखला. २०२१ पासून चेहऱ्यावरही, घरबसल्या, मोबाईलवर. बाबांना कंपवात आहे. चेहरा गोलात आणा, पापण्यांची उघडझाप करा, असं पडदा सांगत राहतो. त्यांची मान थरथरते आणि पापणी लवता लवत नाही, त्या आजारात तसंच होतं. मी फोन धरलेला, नवरा त्यांची मान धरून, आणि बाबा आज्ञाधारक मुलासारखे डोळे मिटायचा प्रयत्न करतायत. चौथ्या वेळी ते म्हणाले, "मी आहे गं इथे." मला फोन खाली ठेवावा लागला.

आता यातली चांगली बाजू. त्याच महिन्यात दापोलीला माझ्या आत्याकडे पोस्टमन घरी आला, त्याच्याजवळचं यंत्र काढलं, दोन बोटं लागली नाहीत, तिसरं लागलं, दाखला झाला. चहा घेऊन गेला. आत्या गुडघ्यांमुळे पायरी उतरत नाही, तिला हे वरदान वाटलं आणि ते आहेच. मग आम्हीही बाबांसाठी पोस्टमनला बोलावलं. त्याने सावकाश केलं आणि झालं. यंत्र तेच, पण ते धरणारा माणूस घाईत नव्हता आणि त्याला बाबा दिसत होते.

ज्यांच्या घरी ऐंशीच्या पुढचे केंद्रीय निवृत्तिवेतनधारक आहेत त्यांच्यासाठी: त्यांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, नोव्हेंबरच्या गर्दीची वाट बघू नका.

कर्जखिडकी

बँकेत कर्जविभागात आहे, कुठल्या ते लिहीत नाही.

अंगठ्याच्या बाबतीत निदान कारण कळतं, रेघा झिजल्या. आता जे येतंय त्यात कारणही कळत नाही. पूर्वी मी अर्ज वाचायचो, दुकान बघून यायचो आणि माझ्या सहीने मंजूर करायचो. चुकायचोही. आता अर्ज प्रणालीत टाकला की लाल किंवा हिरवा रंग येतो. लाल का आला हे मला दिसत नाही. मागच्या वर्षी एक टेलर आला होता, मी त्याला वीस वर्षं ओळखतो, एक हप्ता बुडवलेला नाही. लाल. "साहेब, माझं काय चुकलं?" असं त्याने विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि रंग बदलायचा अधिकारही नव्हता. माझ्या आयुष्यात खुर्चीत बसून इतकं निरुपयोगी मला कधी वाटलं नव्हतं.

नेदरलँड्समध्ये मुलांच्या पाळणाघराच्या सरकारी अनुदानाबाबत असंच घडलं. करखात्याच्या प्रणालीने काही कुटुंबांना लबाड ठरवलं, दुहेरी नागरिकत्व हीसुद्धा संशयाची खूण धरली होती. हजारो पालकांना घेतलेलं सगळं अनुदान परत करायला लावलं. कागदावरची एखादी सही राहिली तरी लबाडच. संसार मोडले. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या मंत्रिमंडळाने त्यापायी राजीनामा दिला. तिथेही खिडकीपलीकडे माणसं बसलेली होती. माझ्यासारखी.

म्हणून फक्त 'माणूस ठेवा' एवढी मागणी करू नका. मशीनचा निर्णय फिरवायचा अधिकार असलेला माणूस ठेवा, आणि फिरवल्याबद्दल त्याची चौकशी लागणार नाही असं बघा. नाहीतर तो माझ्यासारखा नुसता रंग वाचून दाखवेल.

पुरवठा_३१

सगळ्यांचं वाचलं, दोन दिवस विचार केला. ताईंचं ते वाक्य, आई भांडली नाही म्हणाल्या ते, डोक्यातून जात नाही. आमच्या वेळी बायका तहसीलवर येऊन आरडाओरडा करायच्या, आम्हाला त्रास वाटायचा. पण त्यांच्यामुळेच आम्हाला कळायचं की कुठल्या दुकानात काय चाललंय. मशीनसमोर माणूस गप्प घरी गेला तर खात्याला काहीच कळत नाही, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आता कामाचं लिहितो. अंगठा लागला नाही म्हणून धान्य नाकारता येत नाही. आधार प्राधिकरणाचंच २४ ऑक्टोबर २०१७ चं परिपत्रक आहे. अशा वेळी दुसरा मार्ग वापरायचा आणि त्याची नोंद ठेवायची, असं त्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालातही, ठसा जुळला नाही म्हणून कुणी वंचित राहणार नाही हे सरकारचं आश्वासन न्यायालयाने नोंदवून घेतलेलं आहे. तेव्हा हात जोडत जाऊ नका, हक्काने जा. कार्डावरचा घरातला दुसरा कुणी अंगठा देऊ शकतो. आधारला मोबाईल जोडलेला असेल तर ओटीपीचं विचारा. काही ठिकाणी डोळ्याचं यंत्र असतं, मोतीबिंदू झाला नसेल तर ते चांगलं चालतं. आणि आधार केंद्रात जाऊन ठसे नव्याने द्या, दहापैकी कुठलं बोट सर्वात चांगलं लागतं ते बघून घ्या, दर वेळी तेच बोट पुढे करायचं. बायकांची करंगळी पुष्कळदा वाचलेली असते.

आणि ताई, दुकानदाराकडे एक वही मागा. ज्याला परत पाठवलं त्याचं नाव, तारीख, किती वेळा बोट दिलं. खाली दुकानदाराची सही. नियमात बसतं का, असं कुणी विचारलं तर माझं नाव सांगा म्हणालो असतो, पण आता मला कोण विचारतो. तरी मागा.

रेघारेघा

काका, वहीची कल्पना फार मोलाची आहे. पाच दुकानांच्या वह्या जमल्या तरी रेषा कुठे चुकतेय ते आकड्यांत दाखवता येईल. मी बसून मांडणी करून देईन, ताईंनी हाक मारावी.

सोलापूरची लेक

उशिरा लिहितेय, माफ करा. काकांनी सांगितल्याप्रमाणे अम्माला आधार केंद्रात नेलं. दहाही बोटं तपासली. डावी करंगळी. विडी वळताना ती बाजूला असते, तिच्यावर काही घासत नाही. आता अम्मा दुकानात डावी करंगळी ठेवते आणि पहिल्या फटक्यात लागते. तिने शेजारच्या चार जणींना सांगितलं, दोघींची लागली.

वहीसाठी दुकानदार आधी कां-कूं करत होता. वरून कुणी विचारलं तर, अशी भीती. रांगेतल्या बायकांनीच त्याला समजावलं. शंभर पानी वही मी आणून दिली, दोरीने काउंटरच्या खिळ्याला बांधली आहे. पहिल्या पंधरवड्यात अकरा नावं झाली. आठ विडीवाल्या, दोन म्हातारे, एक धुणीभांडीवाली. त्यातल्या सहा जणींना वाटत होतं की आपलं एकटीचंच लागत नाही. रेघारेघा, महिना भरला की फोटो पाठवते.

पहिलं नाव अम्माचं आहे, मागच्या महिन्याच्या तारखेने, दुकानदाराने कबूल केलं म्हणून. बाकीच्या रकान्यांत तो लिहितो, पण स्वतःच्या नावापुढे तिने स्वतः सही केली. साक्षरतेच्या वर्गात ती रात्री जाऊन सही शिकली होती, अंगठा द्यावा लागू नये म्हणून. सही करायला तिला बराच वेळ लागला. रांग थांबून होती.